बाहेरचं कुलूप

किल्लीवाल्या वहिनींना स्वतःचं नाव होतं, पण गल्लीत ते कुणी घेत नसे. नवरा कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या करून द्यायचा. तो सगळ्यांचा दादा, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. शेवटची दोन वर्षं त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा तो शेजारी बसून नुसता सांगायचा आणि वहिनी कानस चालवायच्या. तो गेल्यावर महिन्याभरानं त्यांनी दुकानाचं शटर उघडलं. "बाईमाणूस काय कुलूप उघडणार?" म्हणून जे हसले, त्यातलेच एक केमिस्ट पंधरा दिवसांनी किल्ली आत विसरून दाराबाहेर बनियनवर उभे राहिले. वहिनींनी दोन मिनिटांत दार उघडून दिलं. तेव्हापासून कुणी हसलं नाही.

दुकान म्हणजे जिन्याखालची चिंचोळी जागा. मागे एक खोली आणि मोरी. त्या खोलीत वहिनींचे धाकटे दीर राहायचे. भाऊजींनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती आणि त्यांचा डावा कान इंजिनानं खाल्ला होता. उजवा कामापुरता चालायचा. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते सगळं जगाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. मंत्र्यांना शिव्या दिल्या तरी ओरडून आणि मीठ मागितलं तरी ओरडून. गल्ली म्हणायची, आम्हाला वर्तमानपत्र घ्यायची गरजच नाही.

गल्लीतल्या निम्म्याअधिक घरांची जादा किल्ली वहिनींच्या दुकानात फळीवरच्या खिळ्यांना टांगलेली असायची. कुणी गावाला गेलं, कुणाची पोरं शाळेतून लवकर आली, कुणाचं दूध गॅसवर राहिलं की पहिली धाव वहिनींकडे. "आमच्या घरात आमच्यापेक्षा वहिनी आधी शिरतात," असं केमिस्ट हसून सांगायचे.

मग एका मंगळवारी सरकार पडलं. पडलं म्हणजे पाडलं. तीन दिवस रस्त्यावर गणवेशातल्या माणसांखेरीज कुणी दिसलं नाही. चौथ्या दिवशी एक गाडी भोंग्यावरून सांगत फिरली, की सगळं ठीक आहे, दुकानं उघडा. ठीक आहे हे भोंग्यावरून सांगावं लागतं तेव्हा किती ठीक आहे, ते ज्याला त्याला कळतं. दुकानं उघडली.

गल्ली तीच होती, पण माणसं जणू चवड्यांवर चालायला लागली. "काय, कसं काय?" असं कुणी विचारलं, की प्रश्न पुरा व्हायच्या आत "ठीक, ठीक" असं उत्तर यायचं. बेकरीसमोरच्या रांगेत पूर्वी एकमेकांची उणीदुणी निघायची, आता सगळे उन्हाबद्दल बोलायचे, आणि तेही जपून. दुसऱ्या मजल्यावरचे छापखानेवाले पहिल्याच आठवड्यात दिवसाढवळ्या नेले गेले. बेकरीच्या कागदी पिशव्या त्यांनीच छापल्या होत्या, तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं. दुसऱ्या दिवसापासून बेकरीवाला पाव द्यायच्या आधी पिशवीची तेवढी पट्टी फाडून टाकायला लागला. त्याच हातांनी त्यानं छापखानेवाल्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला केक केला होता.

छापखानेवाल्यांची बायको माहेरी निघून गेली असं लोक सांगत होते. खळखळून हसणारी बाई. जिन्यात हसली की वहिनींच्या खिळ्यांवरच्या किल्ल्या वाजतात, असं भाऊजी म्हणायचे. अर्थात त्यांना किल्ल्या ऐकू येत नव्हत्या. ती वहिनींना ताई म्हणायची, छापायच्या कागदांतल्या चुका काढायची आणि वहिनींच्या पाटीवरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिनंच रंगानं दुरुस्त करून दिली होती. जाताना सांगून गेली नाही याचं वहिनींना वाईट वाटलं, पण त्यांनी समजून घेतलं.

मग किल्ल्या परत जायला लागल्या. सगळ्यांत आधी केमिस्ट आले. "वहिनी, ती आमची किल्ली... नाही, सहजच. घरातली हरवली." मग शिंपीण आली, तिच्याकडे पाहुणे येणार होते. बेकरीवाल्यानं तर कारणही दिलं नाही, नुसता हात पुढे केला. पंधरा दिवसांत फळीवर नुसते खिळे उरले. त्याच लोकांनी मग दाराला दुसरी कुलपं लावून घेतली, आतून कड्या बसवून घेतल्या, साखळ्या मागवल्या. आयुष्यात कधी चालला नव्हता इतका वहिनींचा धंदा त्या महिन्यात चालला, आणि रोज संध्याकाळी वहिनी शटर ओढून न बोलता जेवायच्या. भाऊजींना तर बोलायचीच चोरी झाली होती. "भाऊजी, हळू," असं वहिनींनी इतक्या वेळा बजावलं, की हळू म्हणजे किती हे न कळून ते बोलायचेच बंद झाले.

त्याच दिवसांत सिस्टर आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स, छापखानेवाल्यांच्या समोरच्या बिऱ्हाडात एकट्या राहायच्या. मितभाषी, सरळ रेषेसारख्या.

"बाहेरून लावायचं कुलूप हवंय," त्या म्हणाल्या. "मोठं नको. जुनं दिसणारं असेल तर बरं."

पूर्वी वहिनींनी विचारलं असतं, कशाला? पण हा शब्दच गल्लीतून उठून गेला होता. त्यांनी एक जुनं पितळी कुलूप काढलं. त्याची कडी एकदा तुटून त्यांनी स्वतः डाग देऊन जोडलेली होती. सिस्टरांनी ते पिशवीत टाकलं आणि गेल्या.

तीन महिने गेले.

गल्लीत एक इसम होता, त्याला सगळे पंच म्हणायचे. कामधंदा काही नाही. केमिस्टच्या पायरीवर बसून पत्त्यांच्या डावात निवाडे द्यायचा; स्वतः कधी खेळायचा नाही, पण कोण चुकला हे त्याला विचारायचं. राज्य बदललं तसं त्याच्या दंडावर पट्टी आली, काखेत वही आली. गल्लीची व्यवस्था आता त्याच्याकडे होती. सकाळी दहाच्या सुमाराला तो दुकानासमोर उभा राहिला.

"वहिनी, पेटी घ्या. छापखानेवाल्यांची जागा उघडायचीय. एका साहेबांना द्यायची ठरलीय. कुटुंब येणारेय त्यांचं."

"बाईमाणसाचं सामान असेल आत," वहिनी म्हणाल्या.

"असलं तर असलं. ती काय परत येतेय?"

वहिनी जिना चढल्या. दारापाशी गुडघ्यांवर बसून त्यांनी कुलूप हातात घेतलं आणि बोटांना आधी कळलं. कडीवरचा डाग. हे त्यांचंच कुलूप. सिस्टरांना दिलेलं.

त्यांनी मान वळवली नाही, पण समोरचं दार डोळ्यांच्या कडेला होतं. सिस्टरांच्या दाराला आतलंच कुलूप, बाहेर कडी-कोयंडा नव्हताच. मग त्यांनी किल्लीचं भोक पाहिलं. तीन महिने बंद असलेल्या घराच्या कुलपात धूळ बसते, तेल काळं पडतं. हे भोक घासून लखलखत होतं. दिवसातून दोनदा किल्ली फिरल्याशिवाय पितळ असं लखलखत नाही. आत माणूस होतं. बाहेरून कुलूप लावून आत ठेवलेलं माणूस. दारापलीकडे कुणीतरी श्वास धरून बसलं असेल, आणि मध्ये लाकडाची एक फळी.

"काय झालं?" पंच मागून म्हणाला. "दादा असते तर एव्हाना उघडून चहा पिऊन झाला असता."

"जुनं कुलूप आहे, गंजलंय." वहिनींनी तार आत घातली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली, आणि मनगटाला झटका दिला. कट् असा आवाज झाला. "घ्या. तार मोडली आत. आता हे उघडत नाही."

पंचानं वाकून पाहिलं. मग वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "फोडायला वरचा कागद लागतो," तो म्हणाला. "उघडणं वेगळं, फोडणं वेगळं. ठीक आहे. उद्या आठ वाजता कागद आणतो. करवत घेऊन या."

दिवसभर वहिनींचं कशात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाची किल्ली त्यांनी उलटी कापली. भाऊजींना सांगावं असं दहादा ओठांवर आलं, पण भाऊजींना सांगणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं. चार वाजता सिस्टर दवाखान्यातून परतल्या, तशा वहिनी करवत पदराखाली घेऊन जिना चढल्या.

दार चार बोटं उघडलं. साखळी वहिनींनीच बसवलेली होती.

"सिस्टर, उद्या सकाळी समोरचं दार फोडणार आहेत."

"फोडू देत. रिकामं घर आहे."

"अहो, ते कुलूप मी ओळखलं. तार अडकलीय त्यात, मीच मोडली, वेळ काढायला म्हणून. करवत आणलीय. पाव तासाचं काम आहे, मी कापून देते. तुम्ही फक्त—"

"कसलं कुलूप?" सिस्टरांचा चेहरा पांढऱ्या भिंतीसारखा झाला होता. "मी तुमच्याकडून काही घेतलेलं नाही. तुम्हाला कुणी पाठवलंय?"

"मला? मला कोण पाठवणार, सिस्टर?"

"मग खाली जा." आणि दार लागलं. आतली कडीही लागली. तीही वहिनींनीच बसवलेली.

वहिनी तिथंच उभ्या राहिल्या. हातात करवत होती, समोर कुलूप होतं. कुणाची परवानगी लागत नव्हती. त्या एक पाऊल पुढे झाल्या. वरच्या मजल्यावर केमिस्टचं दार करकरलं. केमिस्टची बायको कठड्यावरून खाली वाकली, म्हणाली, "कोण आहे?" आणि उत्तराची वाट बघत तशीच राहिली. "मी आहे, मी," वहिनी म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून दुकानात आल्या. केमिस्टची बायको आत गेली की पुन्हा जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. मग सहाला जाऊ म्हटलं. सातला रोजची संचारबंदी लागली, आणि दुकानातून जिन्याकडे जायला रस्त्यावर उतरावं लागायचं.

सकाळी आठला पंच आला, बरोबर एक अधिकारी आणि दोन शिपाई. कागद होता. वहिनींना पुढे केलं. स्वतः जोडलेली कडी त्यांनी स्वतःच्या हातानं कापली. करवतीचा आवाज सगळ्या जिन्यात भरला आणि एकही दार उघडलं नाही.

छापखानेवाल्यांची बायको दाराच्या मागेच उभी होती. अंगावर साधी साडी, केस बांधलेले, चपला हातात. तीन महिने ती अनवाणी चालत होती, खालच्यांना पाऊल ऐकू जाऊ नये म्हणून. उजेडानं तिचे डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळ्यांत आधी तिला वहिनी दिसल्या, हातात करवत घेतलेल्या. तिनं चपला खाली ठेवून पायांत घातल्या आणि चालू लागली.

मग अधिकारी पंचाकडे वळला. "तीन महिने बाई इथं होती. गल्लीची वही तुमच्याकडे ना?"

पंच एक क्षणही अडखळला नाही. उभ्या आयुष्यात त्यानं निवाडेच दिले होते. "साहेब, म्हणून तर आणलं तुम्हाला," तो जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "या किल्लीवाल्या वहिनी. काल कुलूप बघताक्षणी त्यांनी ओळखलं, आत माणूस आहे. लगेच मला सांगितलं. यांच्यामुळे सापडलं सगळं."

वहिनींनी तोंड उघडलं. अधिकारी त्यांच्याकडे कौतुकानं बघत होता. तोंड मिटलं.

सिस्टरांच्या घराची झडती झाली, किल्ली त्यांच्या खिशात मिळाली. त्यांनाही नेलं.

खाली आल्यावर पंच दुकानाच्या फळीवर कोपर टेकून हळूच म्हणाला, "तार तुटली नाही वहिनी, तोडली. मी बघत होतो. आता तुमचं नाव चांगल्या यादीत घातलंय. तुमचंही भागलं, माझंही भागलं. उपकार माना."

दुपारी ताट वाढलं तर भाऊजी शिवेनात. तीन महिने गप्प बसलेला माणूस एकदम ओरडला, "वहिनी, तुम्ही खबर दिलीत? आपल्या तिची?" समोरच्या बेकरीतला माणूस हातातला पाव तसाच धरून उभा राहिला. खरं सांगायला वहिनींना एक वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य भाऊजींच्या कानात शिरेल इतकं मोठ्यानं म्हणावं लागलं असतं, की जिन्याखालच्या खोलीतून थेट पंचाच्या वहीत गेलं असतं. त्यांनी मान हलवली, नाही, नाही. भाऊजींनी ती हललेली मान पाहिली, पण विश्वास ठेवला तो जिन्यात ऐकू आलेल्या शब्दांवर. त्यांच्या बहिऱ्या कानापर्यंतही तेवढे शब्द कुणीतरी पोचवले होते. त्यांनी ताट उचललं, भिंतीकडे तोंड करून जेवले, आणि पुढे रोज तसेच जेवत राहिले.

गल्लीनं वहिनींना टाकलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. गल्ली गोड वागायला लागली. रांगेत उभ्या राहिल्या की पुढची माणसं बाजूला व्हायची. "या ना वहिनी, तुमचं आधी." बेकरीवाला पिशवीत एक पाव जास्त टाकायचा. केमिस्टची बायको, जिला कालपर्यंत चार शब्द बोलायला सवड नव्हती, ती विचारायची, "गुडघे कसे आहेत?" आणि वहिनी पाठमोऱ्या झाल्या की मागची सगळी रांग एकदम गप्प व्हायची. ती शांतता त्यांना घरापर्यंत पोचवायला यायची.

दुसऱ्या मजल्यावर साहेबांचं कुटुंब आलं. छापखानेवाल्यांच्या पुस्तकांचे गठ्ठे रद्दीवाल्यानं नेले.

पाच महिन्यांनी सिस्टर सुटून आल्या. निम्म्या झाल्या होत्या. नोकरी गेली होती, पण घर राहिलं होतं. वहिनींनी दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वर गेल्या. या वेळी दार पूर्ण उघडलं. साखळी झडतीत तुटली होती, लोंबत होती.

"बसा," सिस्टर म्हणाल्या.

वहिनी बसल्या नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: लखलखीत भोक, तार, पंच, करवत. सिस्टर ऐकत होत्या, नजर खिडकीकडे.

"तुम्ही गेलात त्यानंतर तासाभरानं मी किल्ली घेऊन बाहेर आले," त्या म्हणाल्या. "विचार केला, खरं असलं तर? आधी तिला बाहेर काढू, मग बघू. किल्ली आत जाईना. तार होती. ती आतून विचारत होती, काय झालं, आणि मी बाहेरून किल्ली दाबत होते. तेव्हा वाटलं, ही तार तुम्ही मुद्दाम मोडलीत. ती पळू नये म्हणून."

वहिनी मग बसल्या. "मला हाक का नाही मारलीत? मी खाली करवत घेऊन—"

"तुम्हाला?" सिस्टर म्हणाल्या.



"ती आहे कुठं?" शेवटी वहिनींनी विचारलं.

"पहिला महिना माझ्या शेजारच्या कोठडीत होती. मग हलवली. कुठं, ते विचारायची सोय नाही."

"सिस्टर, माझ्यावर विश्वास बसतोय ना तुमचा? निदान तुमचा तरी? भाऊजी माझ्याकडे तोंड करून जेवत नाहीत. तुम्ही त्यांना एक शब्द सांगितलात, नुसती खूण केलीत तरी..."

सिस्टरांनी पहिल्यांदा सरळ पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही खरं बोलताय हे मला कळतंय. पण मला ते खरं नकोय, वहिनी. तुम्ही खबर दिलीत, असं असेल तर मी माझ्याकडून सगळं केलं. आणि तुम्ही खरोखर वाचवायला आला होतात, तर मग त्या दिवशी दार मी लावलं. आत पाच महिने मी एकच गोष्ट धरून होते, की चूक तुमची होती. आता ती माझ्याकडून काढून घेऊ नका. मला इथंच राहायचंय, त्या दारासमोर."

वहिनी उठल्या. दारापाशी आल्यावर म्हणाल्या, "साखळी बसवून देऊ का?"

"नको. दुसरीकडून बसवून घेईन."

गल्लीत हळूहळू सिस्टरांना मान मिळायला लागला. उघड नाही, पण मिळायला लागला. शिंपीण त्यांचे कपडे घरपोच द्यायची. बेकरीवाला त्यांची पिशवी फडक्याखाली वेगळी ठेवायचा. सिस्टर वहिनींच्या दुकानावरून जाताना पदर सावरायच्या आणि पलीकडच्या बाजूनं चालायच्या. वहिनींनी त्यांना एकदाही थांबवलं नाही.

साहेबांची बायको मात्र यायची. विशीतली, परक्या शहरातून आलेली, दिवसभर घरात एकटी. आपल्याशी कुणी बोलत का नाही हे तिला उमगत नव्हतं. पहिल्यांदा आली ती कपाटाची किल्ली करून घ्यायला. तिचं कपाट म्हणजे छापखानेवाल्यांचं. मग काही कारण नसतानाही यायची. मावशी म्हणायची, वहिनींच्या चष्म्याची दांडी वाकडी आहे ते तिनंच सांगितलं, माहेरच्या बहिणींचे किस्से सांगून हसवायचा प्रयत्न करायची. पहिल्या वेळी वहिनी खाली मान घालून कानस घासत राहिल्या. दुसऱ्या वेळी हो-नाही म्हणाल्या.

एका दुपारी तिला यायला उशीर झाला. वहिनींनी तीनदा जिन्याकडे पाहिलं. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा ती उतरत होती. त्यांनी पुढ्यातली हत्यारं बाजूला सारली, मागच्या खोलीतून स्टूल आणलं, आणि ते फडक्यानं पुसून तिच्यासाठी पुढे सरकवलं.